शिक्क्यावरची तारीख: थायलंडमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

गणपतीच्या दिवसांत बँकॉकमधली मराठी माणसं एकत्र जमतो, तेव्हा नवीन आलेलं कोणी ना कोणी मला बाजूला घेऊन हळूच विचारतं, "ताई, दर दोन महिन्यांनी सीमेवर जाऊन शिक्का मारून आलं की चालतं ना?" मी २०११ मध्ये नवऱ्याच्या मागून इथे आले, तेव्हा हाच प्रश्न मीही विचारला होता. मला मिळालेलं उत्तर अर्धवट होतं आणि त्याची किंमत मला मोजावी लागली. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. व्हिसा म्हणजे दारापर्यंत येण्याची परवानगी. आत किती दिवस राहायचं, ते विमानतळावर किंवा नाक्यावर अधिकारी जो शिक्का मारतो त्यावर लिहिलेलं असतं. व्हिसा वर्षभर चालू आणि शिक्का मात्र नव्वद दिवसांचा, असं अगदी नियमित घडतं. लोक व्हिसावरची तारीख पाहून निश्चिंत राहतात आणि शिक्क्याची तारीख उलटून जाते. आल्याचा दिवस पहिला धरतात, हेही विसरू नका. १ जूनला साठ दिवसांचा शिक्का मिळाला तर शेवटचा दिवस ३० जुलै. काउंटरवरून हलण्याआधी, रांगेतले लोक मागून ढकलत असले तरी, ती तारीख वाचा. चुकली असेल तर ती तिथेच दुरुस्त होते. घरी आल्यावर ते काम फार जड जातं.

मुदत उलटली तर दंड दिवसाला ५०० बात, जास्तीत जास्त २०,००० बात. "पाचशेच ना, भरून टाकू" असं म्हणणारे मला भेटतात, आणि मला त्यांची काळजी वाटते. स्वतःहून विमानतळावर जाऊन दंड भरणाऱ्यालाही नव्वद दिवसांहून अधिक मुदत उलटली असेल तर वर्षभर प्रवेशबंदी लागते. वर्षाहून जास्त झालं तर तीन वर्षं. रस्त्यात पोलिसांनी पकडलं तर एका दिवसासाठीसुद्धा पाच वर्षांची बंदी लागू शकते. हे नियम मार्च २०१६ पासून आहेत.

आता सीमेच्या फेरीबद्दल. भारतीय पासपोर्टला नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हिसाशिवाय तीस दिवस मिळू लागले, जुलै २०२४ मध्ये त्याचे साठ झाले. त्याआधी आपल्याला पोचल्यावर मिळणारा पंधरा दिवसांचा व्हिसाच असायचा. इतक्या थोड्या काळात नियम दोनदा बदलले. म्हणून गेल्या वर्षी मित्राने काय केलं त्यावर विसंबू नका, तिकीट काढायच्या आदल्या आठवड्यात थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा. १ मे २०२५ पासून डिजिटल आगमन कार्डही भरावं लागतं. ते प्रवासाआधीच्या तीन दिवसांत भरायचं आणि त्याला पैसे लागत नाहीत. पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर ती सरकारी नाही.

व्हिसाशिवाय मिळणारे हे दिवस पर्यटकांसाठी असतात. इथे घर भाड्याने घेऊन, पोरांना शाळेत घालून, दर वेळी "फिरायला आलोय" असं सांगत राहिलात, तर पासपोर्टमधले शिक्केच तुमच्याविरुद्ध साक्ष देतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये इथल्या इमिग्रेशनने जाहीरच केलं, की सबळ कारणाशिवाय दोनपेक्षा जास्त वेळा असं आत-बाहेर करणाऱ्याला प्रवेश नाकारला जाईल. नाक्यावर परतीचं तिकीट आणि २०,००० बातची रोकड दाखवायला सांगू शकतात. तेव्हा "खात्यात आहेत" म्हणून भागत नाही.

इंटरनेटवरची बरीचशी माहिती युरोप-अमेरिकेच्या पासपोर्टवाल्यांनी स्वतःसाठी लिहिलेली असते. आपण ती आपली समजून वाचतो आणि फसतो. थायलंडमधून बाहेरचा शिक्का घेतलात की तुम्हाला समोरच्या देशात पाऊल टाकायचं असतं, आणि तिथे भारतीयाला काय लागतं ते वेगळं असतं. लाओसला नोंग खाईच्या मैत्री पुलावर पैसे भरून व्हिसा मिळतो. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून आपल्याला तीस दिवस व्हिसामाफी दिली, पण त्यांचंही डिजिटल कार्ड आधी भरावं लागतं. व्हिएतनामचा ई-व्हिसा घरूनच काढून निघायचं. आणि कंबोडियाकडचा अरण्यप्रथेट–पोइपेत नाका, जिथे पहाटे व्हॅन भरून माणसं जायची, तो २०२५ च्या सीमेवरच्या संघर्षात बंद झाला. जुन्या चिठ्ठ्या-चपाट्यांवर तिकडे निघू नका.

मी स्वतः सुरुवातीला लाओसच्या राजधानीला, विएन्तियानला जायचे. तेव्हा माझा अवलंबित म्हणून मिळालेला, अनेक वेळा प्रवेश देणारा व्हिसा होता आणि दर नव्वद दिवसांनी देशाबाहेर जाऊन यावं लागायचं. रात्रीची गाडी, सकाळी नोंग खाई, पुलावरची बस, पलीकडे कडक लाओ कॉफी, आणि पुन्हा तोच पूल. तो प्रवास मला आवडायचा. पण माझा तो प्रवास आणि पर्यटक बनून मारलेली फेरी यांत फरक होता: माझ्या पासपोर्टमधल्या व्हिसावर मी इथे का राहते ते खरं लिहिलेलं होतं. तुमच्याकडूनही मला एवढंच हवं आहे. नोकरी करत असाल तर नोकरीचा व्हिसा आणि वर्क परमिट, दोन्ही. व्हिसा मिळाला म्हणून वर्क परमिट हातात येण्याआधी कामावर बसू नका, मालकाने कितीही घाई केली तरी. परदेशातल्या कंपनीचं काम इथे बसून करत असाल तर २०२४ मध्ये सुरू झालेला पाच वर्षांचा व्हिसा आहे. त्यात एका वेळी १८० दिवस राहता येतं, आणि पाच लाख बातची शिल्लक दाखवावी लागते. रक्कम मोठी आहे, पण रात्री शांत झोप लागते.

पती-पत्नी म्हणून येणाऱ्यांना एक कळकळीचं सांगणं. विवाह नोंदणीचा दाखला भारतातूनच राज्य सरकारकडून आणि मग परराष्ट्र मंत्रालयाकडून साक्षांकित करून आणा. इथे बसून ते करायला महिनोन् महिने जातात आणि सासरच्या-माहेरच्या माणसांना हेलपाटे पडतात. पदवी प्रमाणपत्राचंही तसंच. नावाचं पाहा. आपलं स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असं तीन पदरी असतं. पासपोर्टवर जसं छापलंय तसंच प्रत्येक अर्जावर लिहा. माझ्या दाखल्यावर माहेरचं नाव होतं आणि पासपोर्टवर सासरचं, तेवढ्यासाठी दोन फेऱ्या झाल्या. प्रत्येक झेरॉक्सवर निळ्या शाईने सही करावी लागते आणि ती पासपोर्टवरच्या सहीसारखीच हवी. पासपोर्टवर मराठीत सही असेल तर इथेही मराठीतच करा. भाडेकरारावर २५६८ असं साल दिसलं तर घाबरू नका, बुद्ध संवत आहे, ५४३ वजा करायचे.

घरात पाऊल टाकलं की घरमालकाकडून टीएम-३० ची पावती मागून घ्या. परदेशी माणूस राहायला आल्याचं २४ तासांत कळवणं ही मालकाची जबाबदारी असते, पण पावती नसल्याचा त्रास काउंटरवर आपल्याला होतो. करार करण्याआधीच विचारा. टाळाटाळ करणारा मालक असेल तर दुसरं घर बघा, असं मी स्पष्ट सांगते. लांब मुदतीवर राहणाऱ्यांना दर नव्वद दिवसांनी पत्ता कळवावा लागतो; तारखेच्या पंधरा दिवस आधीपासून सात दिवस नंतरपर्यंत चालतं. मध्ये देशाबाहेर जाऊन आलात तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

आता माझी चूक. २०१४ मध्ये माझ्याकडे इथे राहण्याची वर्षभराची मुदतवाढ होती. साताऱ्याहून फोन आला, वडिलांना रुग्णालयात हलवलंय. त्याच रात्रीच्या विमानाने निघाले. पुनर्प्रवेश परवाना घ्यायचा असतो हे डोक्यातच नव्हतं. तो न घेता देश सोडला की मुदतवाढ तिथेच संपते. तीन आठवड्यांनी परतले तेव्हा अधिकाऱ्याने पासपोर्ट चाळला, मान हलवली आणि माझ्या वर्षातले उरलेले सात महिने गेले. पंधरा दिवसांच्या व्हिसावर आत आले आणि सगळं नव्याने केलं. एका वेळेचा परवाना १,००० बातला मिळतो, अनेक वेळांचा ३,८०० ला. सुवर्णभूमी विमानतळावर निघतानाही तो काढता येतो, फक्त पासपोर्टवर बाहेरचा शिक्का पडण्याआधी. घरी म्हातारे आईवडील असतील तर मुदतवाढ मिळाली त्याच दिवशी अनेक वेळांचा घेऊन ठेवा. वडील आजारी असताना काउंटर शोधायला लागू नये.

"तुम्ही जाऊ नका, पासपोर्ट द्या, शिक्का आणून देतो" असं म्हणणाऱ्याला पासपोर्ट कधीच देऊ नका. माझ्या ओळखीच्या एका मुलाने दिला होता. शिक्का खोटा निघाला आणि त्याची जबाबदारी पासपोर्टवाल्यावर आली, एजंट फोन उचलेना.

आणि पोरांनो, हे खास तुमच्यासाठी. बँकॉकमध्ये डेटा एंट्रीची किंवा कस्टमर सपोर्टची नोकरी, तिकीट कंपनीचं, व्हिसाचं नंतर बघू, असं सांगून विमानतळावरून गाडी थेट म्यानमारच्या सीमेवरच्या माए सॉटच्या दिशेने निघाली, तर उतरा. पेट्रोल पंपावर, जेवायला थांबाल तिथे, कुठेही. मोई नदीपलीकडे म्यानमारमधलं म्यावड्डी आहे, आणि तिथल्या कुंपणाआड माणसांना डांबून ऑनलाइन फसवणुकीची कामं करवून घेतात. मार्च २०२५ मध्ये तिथून सुटलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी माए सॉटहून परत न्यावं लागलं. नदी ओलांडताना पासपोर्टवर शिक्का पडत नाही, त्यामुळे तुम्ही कुठे आहात याचा कागदोपत्री पुरावा उरत नाही. आपला दूतावास सुखुमवित सोई २३ मध्ये आहे. तो पत्ता आजच फोनमध्ये लिहून ठेवा, आणि घरी आईलाही पाठवा.