एकच एमटीबी, ऑफिसला आणि टेकडीलाही: आधी टायरची हवा बघा

पहिली एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक घेतली की लगेच सस्पेन्शन नाहीतर ब्रेक बदलायचे विचार सुरू होतात. माझं ऐका, आधी प्रेशर गेज (हवेचा दाब दाखवणारा काटा) असलेला फ्लोअर पंप, म्हणजे जमिनीवर उभा ठेवून मारायचा पंप घ्या. आठवडाभर ऑफिस आणि रविवारी पुण्याच्या वेताळ टेकडीसारखी खडबडीत वाट असेल, तर इतक्या कमी पैशांत एवढा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही.

साधारण 70 किलोचा माणूस आणि 2.1 इंची ट्यूबवाले टायर धरा. डांबरी रस्त्यावर हवा 45 पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं एकक) आसपास ठेवा, सायकल हलकी पळते. मुरमाच्या, दगडांच्या वाटेवर मागे 32 आणि पुढे 29-30 पर्यंत उतरवा. टायर जमिनीला धरून राहतो, चढावर मागचं चाक कमी घसरतं, मनगटांना हादरेही कमी बसतात. मात्र फार खाली जाऊ नका. दगडाच्या धारेवर ट्यूब रिमला चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. तुमचं वजन जास्त असेल तर दोन-चार पीएसआय वाढवा. टायरच्या कडेवर छापलेली मर्यादा ओलांडायची नाही.

स्वस्त एमटीबीला बहुतेक वेळा मोटरसायकलसारखाच व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे वाटेत पंक्चरवाल्याकडेही हवा मिळते. पण आकडा सांगूनच भरून घ्या.

फोर्कला (पुढच्या चाकाच्या सस्पेन्शनला) लॉकआउट, म्हणजे सस्पेन्शन घट्ट करून ठेवायची सोय असेल तर गुळगुळीत चढावर तो लावा आणि खड्डे किंवा उतार येण्याआधी आठवणीने काढा.