जिमची पावती फाडण्याआधी

चार वर्षांपूर्वी मी पुण्यात नदीपलीकडच्या एका जिमचे वर्षाचे पैसे एकरकमी भरले आणि मोजून एकोणीस दिवस गेलो. मशीन उत्तम होत्या, पण संध्याकाळी सातला डेक्कनचा पूल ओलांडून तिथे पोचेपर्यंत माझा व्यायाम क्लच-ब्रेकवरच होऊन जाई. तेव्हापासून वजन कमी करायला सुरुवात कुठून करू, असं विचारेल त्याला मी हाच क्रम सांगतो.

आधी टेप घ्या, वजनकाटा नंतर. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, पोट आत न ओढता कमरेचा घेर मोजा. पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० ही आपल्याकडची मर्यादा. बीएमआयसुद्धा (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) आपल्याला २३ च्या पुढे जादा आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा असाच धरतात; म्हणजे उंची १६० सेंटिमीटर असेल तर ६४ किलोलाच २५ गाठला जातो. काट्यावर फार विसंबू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३ होता, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली दोघांचा शेजारी शेजारी फोटोच छापून आला होता.

मग तुमचे नेहमीचे डॉक्टर. बीपी बघून घ्या आणि उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर), लिपिड (रक्तातली चरबी), थायरॉइड या तपासण्या करा. थायरॉइड मंद असेल तर नुसती भाकरी कमी करून भागत नाही. गुडघे किंवा छाती दुखत असेल तर ते आधी सांगा, ट्रेनरला नव्हे, डॉक्टरांना. वजनाची इंजेक्शनं हल्ली फार चर्चेत आहेत. ती डॉक्टरांनी तपासून, लिहून दिली तरच घ्यायची. नवा डॉक्टर गाठणार असाल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा. प्रिस्क्रिप्शनवर तो असतोच.

आहारतज्ज्ञ निवडताना एकच खूण पाहा: तुम्ही रोज काय खाता हे त्यांनी आधी विचारलं का? न विचारता ओट्स आणि डबाभर पावडर हातात ठेवणारा विक्रेता समजावा. ‘महिन्यात दहा किलो’ दिसलं की पुढच्या दुकानाकडे वळा. आठवड्याला अर्धा ते एक किलो पुष्कळ झालं.

व्यायामाची जागा घरापासून चालत दहा मिनिटांत हवी, यावर मी ठाम आहे. पर्वतीच्या १०३ पायऱ्या, तळजाई, वेताळ टेकडी, हनुमान टेकडी फुकट आहेत. गुडघे धड नसतील तर चढ सोडून सपाटीवर चाला. जिमच हवी तर चाचणीचा दिवस रविवारी सकाळी घेऊ नका, ज्या वेळी रोज जाणार त्याच वेळी जा. मशीनसाठी रांग लागते का, ट्रेनर मोबाइलमध्ये असतो का, सगळं तेव्हाच कळतं.

पैसे पहिल्या तीन महिन्यांपुरतेच भरा, सवलत कितीही गोड असली तरी. आजारी पडलात तर सभासदत्व थांबवता येतं का आणि सोडल्यास किती परत मिळतात, हे पावतीवर लिहून घ्या. ‘सर, आमच्याकडे चालतं’ हे तोंडी आश्वासन मी एकदा ऐकलंय. लेखी असूनही अडवलं तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.