दाविदाच्या हातात नेमकं काय होतं? बायबलमधल्या वाद्यांचा अभ्यास सुरू करणाऱ्यांसाठी

मी मुळात ढोलकीवाला. नगरकडच्या आमच्या मंडळीत ना. वा. टिळकांची भजनं पेटी, तबला नि झांजांवर म्हणतात. त्यामुळे वाद्याला 'आध्यात्मिक अर्थ' वेगळा शोधावा लागतो, हेच मला उशिरा कळलं. तेही फजिती झाल्यावर.

तरुण संघाच्या सभेत मी फळ्यावर झकास तक्ता काढला होता. डफ म्हणजे विजय, वीणा म्हणजे शांती, शिंग म्हणजे न्याय, झांज म्हणजे आनंद. शेजारी दोन भोपळ्यांच्या वीणेचं चित्र. मागच्या बाकावरच्या एका आजोबांनी विचारलं, "बाळा, मेंढरं राखताना दावीद हे एवढं धूड टेकवायचा कुठं?" सगळी सभा हसली. अभ्यास त्या रात्री सुरू झाला.

दाविदाचं वाद्य हिब्रूत 'किन्नोर'. दोन बाहू, वर आडवी दांडी आणि त्यावरून खाली ताणलेल्या तारा. पडदे नाहीत, भोपळे नाहीत. काखेत धरून चालता येईल असं. इ.स. 132 ते 135 च्या, रोमन सत्तेविरुद्ध यहूद्यांनी केलेल्या बार कोखबाच्या बंडातल्या नाण्यांवर अशा घाटाची तंतुवाद्यं कोरलेली आहेत. ती चित्रं आधी पाहा, मग मजकूर वाचा. मराठी बायबलमध्ये 'वीणा' आणि 'सतार' भेटतात, त्याबद्दल भाषांतरकारांना नावं ठेवू नका. वाचकाच्या कानात काहीतरी वाजायला हवं होतं, ते वाजलं. पण त्या शब्दावर प्रवचन उभारू नका. पहिल्या शतकातला यहूदी इतिहासकार योसेफस सांगतो की किन्नोरला दहा तारा असत आणि ते नखीने वाजवत. 1 शमुवेल 16 मध्ये मात्र दावीद शौल राजापुढे हाताने वाजवतो. योसेफस दाविदानंतर हजारेक वर्षांनी लिहितोय, म्हणजे 'दहा तारा, दहा आज्ञा' असली जुळणी करण्याआधी जरा थांबा. मी केली होती.

तक्ता खरा मोडला तो डफावर. 'तोफ' म्हणजे हातात धरायचा डफ, बायकांचं वाद्य. निर्गम 15 मध्ये समुद्र ओलांडल्यावर मिर्याम तो घेऊन निघते, मागे सगळ्या स्त्रिया. इथवर विजय ठीक. पण शास्ते 11 उघडा. इफ्ताह लढाई जिंकून घरी येतो आणि त्याची एकुलती एक मुलगी डफ वाजवत, नाचत दारातून बाहेर येते. घरातून जे पहिलं सामोरं येईल ते अर्पण करीन, असा नवस तो आधीच बोलून बसलाय. तोच डफ, तोच विजय, आणि बाप कपडे फाडतो. वाजवणारा म्हणून सांगतो, हा अध्याय वाचल्यावर आठवडाभर ढोलकीला हात लावावासा वाटला नाही.

तेव्हापासून माझ्या वहीत 'अर्थ' नावाचा रकानाच नाही. कोण वाजवतंय, कधी, कुणासाठी, आणि देवाला ते रुचतंय का, एवढेच चार. शेवटचा विसरू नका. आमोस 5 मध्ये देव म्हणतो, तुमच्या गाण्यांचा गोंगाट दूर करा, मला तुमच्या वीणा ऐकायच्या नाहीत. उलट 2 राजे 3 मध्ये अलीशा स्वतःहून वादक मागवतो, आणि वाद्य वाजू लागल्यावर परमेश्वराचा हात त्याच्यावर येतो. स्तोत्र 137 मध्ये तर वाद्यं बाबेलच्या झाडांवर टांगलेली आहेत. तिथे न वाजणं हाच त्यांचा अर्थ.

शोफारसाठी, म्हणजे फुंकायच्या मेंढ्याच्या शिंगासाठी, पुस्तकं पुरत नाहीत, ते ऐकावं लागतं. आपल्याकडे ती सोय आहे. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहूदी, ज्याला नव्याचा सण म्हणतात, त्या रोश हशानाला, यहूदी नववर्षाला, सिनेगॉगमध्ये तो फुंकतात. एका ओळखीच्या कुटुंबामुळे मला अलिबागच्या इस्राएल आळीत बसून ऐकायला मिळालं. तुतारीसारखं काहीतरी दणदणीत असेल अशी माझी कल्पना. प्रत्यक्षात आवाज खरखरीत, तुटक, घशात हुंदका अडकल्यासारखा. नंतर वाचलं की तालमूदमध्ये, म्हणजे यहूदी धर्मगुरूंच्या जुन्या चर्चांच्या ग्रंथात, शोफारच्या 'तेरुआ' या तुटक फुंकीचा संबंध रडण्याशीच जोडलाय, आणि ते रडणंही शत्रूच्या सेनापतीच्या, सीसराच्या आईचं. गाईचं शिंग शोफारला चालत नाही. इस्राएल लोकांनी रानात पूजलेल्या सोन्याच्या वासराची आठवण नको, असं त्याचं एक कारण तिथे दिलंय. लेवीय 25 मध्ये योबेल वर्षाची, म्हणजे दर पन्नासाव्या वर्षी येणाऱ्या गुलामांच्या सुटकेची घोषणा याच शिंगाने होते.

गणना 10 मधले चांदीचे दोन कर्णे निराळे. त्यांची गोष्ट अगदी दप्तरी आहे: दोन्ही वाजले तर सगळी मंडळी जमा, एकच वाजला तर फक्त सरदार, इशाऱ्याचा नाद झाला तर तळ उठवायचा. पौल 1 करिंथ 14 मध्ये म्हणतो की कर्ण्याचा नाद अस्पष्ट असेल तर लढाईला तयार कोण होईल? त्याचं बळ गणना 10 वाचल्याशिवाय कळत नाही. म्हणून प्रकटीकरणातल्या सात कर्ण्यांपासून सुरुवात करू नका. सगळे तिथूनच करतात आणि तिथेच अडकतात.

हिब्रूची बावीस अक्षरं शिका. मला महिना लागला, रोज अर्धा तास. वाद्यांची नावं मुळात ओळखता आली की पुष्कळ गोंधळ मिटतो. केडगावात पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं भाषांतर मिळालं तर शेजारी ठेवा. ऑगस्टीनसारखे जुने आचार्य तारा म्हणजे देह, लाकूड म्हणजे क्रूस अशा वाटेने जातात. वाचायला रसाळ आहे, पण वही भरल्यावर वाचा.

पहिला गृहपाठ दानीएल 3 चा घ्या. वाद्यांची तीच यादी एका अध्यायात चार वेळा येते आणि त्यातली काही नावं ग्रीक वळणाची आहेत. सगळा ताफा वाजतोय तो सोन्याच्या मूर्तीपुढे लोकांना वाकवायला. चार रकाने भरा. तिसऱ्यात 'नबुखद्नेस्सर', बाबेलचा राजा, लिहाल. चौथ्यात लिहिताना त्या तिघा यहूद्यांकडे पाहा, जे सगळं ऐकूनही उभेच राहिले.