ग्रामसभेने बांबूची टीपी कशी फाडायची

मी आमच्या ग्रामसभेच्या वन व्यवस्थापन समितीची सचिव आहे. गाव गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात. बांबूची तोडणी सुरू झाली की आजूबाजूच्या गावांतून फोन येतात, "ताई, टीपी बुक छापून आणलं, आता पुढे काय?" टीपी म्हणजे जंगलातला माल वाहून नेण्याचा परवाना. दरवेळी तेच सांगते, म्हणून एकदा लिहूनच काढते.

आधी नियम काय बदलला ते बघा, कारण वनविभागाच्या तपासणी नाक्यावर तोच सांगावा लागतो. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबू आणि तेंदूपाने गौण वनोपजात (म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालात) धरली आणि त्यांची मालकी आपली झाली. पण 2008 च्या नियमांत वाहतूक लिहिली होती डोक्यावरून, सायकलवरून नाहीतर हातगाडीवरून. ट्रकभर बांबू सायकलवर कोण नेणार? शिवाय टीपी बुक वनविभागाच्याच कपाटात. आमच्याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर साऱ्या गावाचा मिळून हक्क, 2009 मध्ये मिळाला, पण टीपी बुक गावाच्या हातात यायला 27 एप्रिल 2011 उजाडला, आणि त्यासाठी दिल्लीहून केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात यावे लागले. पुढे 6 सप्टेंबर 2012 ला नियमच सुधारले. आता परवाना देते ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेने अधिकार दिलेली व्यक्ती. वाहन कोणतंही योग्य ते चालतं आणि गौण वनोपजावर स्वामित्वशुल्क (रॉयल्टी) लागत नाही.

मग काळजी कसली? भारतीय वन अधिनियम, 1927 चं कलम 69 अजून जागेवर आहे. वनोपज सरकारचं नाही हे सिद्ध होईपर्यंत ते सरकारचंच मानलं जातं. कलम 52 खाली माल आणि गाडी दोन्ही जप्त होऊ शकतात. म्हणजे टीपी आपण देतो खरी, पण पुरावाही आपणच तयार ठेवायचा.

सुरुवात हक्कपत्रापासून करा. जिल्हास्तरीय समितीने दिलेल्या हक्कपत्रात कोणते कक्ष क्रमांक (जंगलाच्या आखलेल्या भागांचे नंबर) आहेत ते वाचा, नकाशाशी जुळवा. टीपी फक्त त्याच कक्षांतल्या मालाची. शेजारच्या गावाच्या हद्दीतला बांबू आपल्या बुकावर चढवला तर दोन्ही गावं अडकतात. आणि सागवान हे गौण वनोपज नाही, एक फाटासुद्धा या बुकावर जात नाही. कुणाच्या शेतातला बांबू असेल तर तो विषयच वेगळा: वन अधिनियमाच्या 2017 च्या दुरुस्तीने झाडाच्या व्याख्येतून बांबू काढला, त्याला आपली टीपी लावू नका. तसं केलं तर जंगलाचा माल आणि शेताचा माल एकाच रजिस्टरात मिसळतो, मग काहीच सिद्ध करता येत नाही.

मग ठराव. समिती कोणती, सही कोणाची, ती व्यक्ती नसेल तर कोणाची, हे सगळं त्यात हवं. सभेला निम्मे सदस्य हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया. आमच्याकडे सकाळी मोहफुलं वेचायला गेलेल्या बाया सभेला येत नाहीत, म्हणून सभा संध्याकाळी घेतो. टीपीबाबत समितीने घेतलेले निर्णय ग्रामसभेपुढे मंजुरीला ठेवायचे, हेही 2012 च्याच नियमात आहे.

सहीचा नमुना आणि कोऱ्या टीपीची प्रत उपवनसंरक्षक आणि वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना पाठवा. पत्राचा विषय "माहितीस्तव" असा लिहा. "परवानगी मिळणेबाबत" लिहिलंत की तुमची फाईल टेबलावर बसून राहते, आणि जी परवानगी लागतच नाही तिची तुम्ही वाट बघत बसता. पोच मात्र शिक्क्यासह घ्याच.

बुक तीन प्रतींचं छापा, पानांवर छापील अनुक्रमांक. एक प्रत गाडीत, एक वनविभागाला माहितीसाठी, एक बुकात. टीपीवर कक्ष क्रमांक, लांब बांबू किती, बंडल किती, गाडी क्रमांक, खरेदीदार, कुठून कुठे, निघण्याची तारीख आणि वेळ, मुदत कधी संपते. गाडी भरल्यावरच लिहायचं, आधी नाही. नग मोजणारा गावातला असावा, ठेकेदाराचा नव्हे. खाडाखोड झाली तर ते पान रद्द करून बुकातच ठेवा, फाडून फेकू नका.

ठेकेदाराबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सगळी गडबड तिथेच होते. तो गोड बोलतो. "ताई, तुम्हाला रात्री कशाला त्रास, दहा पानांवर सही करून ठेवा." त्या कोऱ्या सहीवर कुठला माल जाईल ते आपल्या हातात राहत नाही. दुसरी युक्ती म्हणजे एका टीपीवर दोन खेपा. मुदत दोन-तीन दिवसांची लिहिलेली असते, माल जवळच उतरतो आणि तीच टीपी घेऊन गाडी परत भरायला येते. म्हणून मुदत अंतर बघून, तासांत लिहा. करारातच टाका की गाडीतली प्रत खरेदीदाराच्या पोचेसह परत आल्याशिवाय पुढची टीपी नाही. आमच्याकडे यावरून भांडण झालं आणि ठेकेदाराने तोडणी थांबवण्याची धमकी दिली. ग्रामसभा बसली, नियम तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी गाडी आली.

अंमलबजावणी गावातल्या माणसांवरही करावी लागते, ते जड जातं. चालू वर्षाचा कोवळा बांबू कापला, रांजी (बांबूचं बेट) बुडापासून साफ केली, तर त्या मालाची टीपी समितीने नाकारायची. कोणाचा कोण लागतो ते बघायचं नाही. नकाराचं कारण रजिस्टरात लिहा.

नाक्यावर गाडी अडवली तर ड्रायव्हरने वाद घालायचा नाही. त्याच्याकडे टीपी, ठरावाची प्रत आणि हक्कपत्राची झेरॉक्स अशी फाईल द्या, फोन समितीला लावायला सांगा. तरी जप्ती होत असेल तर पंचनाम्याची प्रत मागा आणि त्यावर टीपीचा क्रमांक लिहून घ्या. तो क्रमांक पंचनाम्यात नसला की नंतर "टीपी दाखवलीच नाही" असं म्हणायला वाट मोकळी राहते.

हंगाम संपला की बुकातली उरलेली पानं सभेत सर्वांसमोर आडवी रेघ मारून रद्द करायची, विकलेले नग आणि टीपीवरचे नग जुळवायचे आणि जमलेल्या पैशाचा हिशेब त्याच सभेत वाचायचा. नग जुळले नाहीत तर मजुरी वाटण्याआधी तोडणीचं रजिस्टर उघडा, फरक बहुतेक वेळा बंडलांच्या मोजणीत सापडतो.