मुलीला अ‍ॅस्पर्जर, मलाही: घरात काय करावं, कसं करावं

अ‍ॅस्पर्जर (ऑटिझमचा एक प्रकार: माणसं, बोलणं, आवाज हे सगळं मेंदू वेगळ्या तऱ्हेने समजून घेतो) असलेल्या मुलासाठी घरात एकच गोष्ट बदलता येणार असेल, तर त्याला सगळं आधी सांगायला लागा. कुठे जायचंय, तिथे कोण असेल, किती वेळ थांबायचंय, आणि संपलं हे कशावरून कळेल. खाली मी बरंच काही लिहितोय, पण त्यातलं पुष्कळसं याच एका सवयीतून येतं. माझ्या मुलीचं निदान ती दुसरीत असताना झालं, आणि त्यानंतर माझंही, चाळिशी उलटल्यावर. त्यामुळे बाप म्हणून जे दिसतं आणि आतून जे जाणवतं, ते दोन्ही मला लिहिता येईल.

नावाचा गोंधळ आधी दूर करू. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ हान्स अ‍ॅस्पर्जर यांनी १९४४ मध्ये अशा मुलांचं वर्णन केलं. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ लोर्ना विंग यांच्या १९८१ च्या लेखानंतर ‘अ‍ॅस्पर्जर सिंड्रोम’ हे नाव रुळलं. २०१३ मध्ये डीएसएम-५ या अमेरिकन निदानपुस्तिकेने ते ‘ऑटिझम स्पेक्ट्रम’मध्ये, म्हणजे ऑटिझमच्या सगळ्या कमी-जास्त रूपांच्या एकाच नावात, सामावून घेतलं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीनेही पुढे तेच केलं. म्हणून आज रिपोर्टवर ‘ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर’ लिहून आलं तर दचकू नका. या मुलांना बोलायला उशीर झालेला नसतो, बुद्धीही चांगली असते, आणि त्यामुळेच त्यांना समजून घेतलं जात नाही. एवढं सगळं कळतं, मग साधी गोष्ट का कळत नाही, असं घरचेही म्हणतात आणि शाळाही.

निदान रक्ताच्या तपासणीने किंवा स्कॅनने होत नाही. डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन (मुलांच्या विकासाचे डॉक्टर), बालमनोविकारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मुलाचं निरीक्षण करून आणि तान्हेपणापासूनची माहिती विचारून ते करतात. जाताना प्रसंग लिहून न्या. ‘चिडकी आहे’ यातून डॉक्टरांना काही मिळत नाही. ‘बेल वाजली की कान झाकून टेबलाखाली जाते’ यातून मिळतं. मुलगी असेल तर जास्त चिकाटी ठेवा. पुष्कळ मुली दुसऱ्या मुलींचं वागणं हुबेहूब उचलतात आणि त्यामुळे त्यांचं निदान मागे पडतं. माझी मुलगी वर्गात एका मैत्रिणीकडे बघायची, ती हसली की हसायची, आणि त्यात हसण्यासारखं काय होतं हे रात्री मला विचारायची.

बोलताना

‘पाच मिनिटांत निघू’ म्हटलं की तिची पाच मिनिटं तिथेच सुरू होतात, आणि सहाव्या मिनिटाला मी फोनवर असलो तर तिच्या लेखी मी शब्द मोडलेला असतो. त्यामुळे आता मी ‘हा फोन संपला की निघू’ म्हणतो. ‘नीट बस’ऐवजी ‘पाय खाली सोड, पाठ खुर्चीला टेकव’. ‘खोली आवर’ऐवजी ‘जमिनीवरची पुस्तकं कपाटात ठेव’, आणि ते झालं की पुढचं. ‘बघू’ हा शब्द आमच्या घरातून हद्दपार आहे. त्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘नाही’ असतो, हे मला नोकरीला लागल्यावर समजलं. त्याऐवजी हो, नाही, किंवा ‘शनिवारी संध्याकाळी सांगतो’, आणि मग शनिवारी संध्याकाळी खरोखर सांगायचं.

वाक्प्रचार मात्र टाळू नका, समजावून सांगा. ‘डोकं खाऊ नकोस’ ऐकल्यावर ती गंभीरपणे ‘मी काहीच खात नाहीये, बाबा’ म्हणायची. तिच्या वहीत आता असे वाक्प्रचार लिहिलेले असतात, समोर अर्थ, आणि ते कोण कोणाला म्हणू शकतं हेही. हा शेवटचा रकाना तिनेच काढला. मोठ्यांना उद्देशून काय म्हणायचं नाही हे तिला त्यातूनच कळलं.

प्रश्न विचारला की थांबा. मनात दहापर्यंत मोजा. उत्तर आलं नाही म्हणून तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला तर तिला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. ‘शाळेत कसं होतं?’ हा प्रश्न फारच मोठा आहे. ‘मधल्या सुट्टीत कुठे बसली होतीस?’ याचं उत्तर येतं, आणि कधी कधी त्यामागून सगळा दिवस येतो. नजरेला नजर देण्याचा आग्रह धरू नका. समोरच्याच्या डोळ्यांत बघत राहिलो तर मला त्याचे शब्द निसटतात. खाली बघितलं की सगळं ऐकू येतं.

‘यांना दुसऱ्यांच्या भावना कळत नाहीत’ असं सर्रास म्हटलं जातं. ब्रिटिश संशोधक डेमियन मिल्टन, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, त्यांनी २०१२ मध्ये मांडलं की हा गैरसमज दुतर्फी असतो: आपल्याला इतरांचं कळत नाही, तसंच इतरांनाही आपलं कळत नाही. मला हे शंभर टक्के पटतं. आई आजारी असेल तर माझी मुलगी जवळ जाऊन कपाळावर हात ठेवत नाही. ती खोलीचे पडदे ओढते आणि दाराबाहेर बसून राहते, कुणी आवाज करू नये म्हणून.

आवाज, उजेड, कपडे

मूल ‘टोचतंय’ म्हणालं की ते टोचत असतं. मोज्याच्या बोटांवरची शिवण, शर्टाच्या मानेमागचं लेबल, ट्यूबलाइटची गुणगुण, स्वच्छतागृहातला हात वाळवायचा ब्लोअर: यातलं काहीही तिचा दिवस घालवू शकतं. मोजे आम्ही उलटे घालतो. लेबलं कापून टाकतो, पण कात्रीने कापल्यावर जे टोक राहतं ते आणखी वाईट, म्हणून उसवून काढा. कानावर लावायचे आवाज कमी करणारे मफ तिच्या पिशवीत कायम असतात, आणि ते लावायला तिला कुणाची परवानगी लागत नाही.

उलटही होतं. शरीराच्या आतले इशारे काही मुलांपर्यंत पोचतच नाहीत. भूक, तहान, लघवी, ताप, काहीच वेळेवर कळत नाही. ‘भूक लागली का?’ असं विचारलं तर प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असतं, आणि अर्ध्या तासाने रडारड. अशा वेळी विचारत बसू नका. पाणी, खाणं, बाथरूम यांच्या वेळा घड्याळाला बांधा. मीही स्वतःसाठी फोनवर गजर लावतो.

मेल्टडाउन

मेल्टडाउन म्हणजे ताण असह्य होऊन मुलाचा स्वतःवरचा ताबा सुटणं. याला हट्ट समजू नका. हट्टाला प्रेक्षक लागतो आणि हवी ती वस्तू मिळाली की तो थांबतो. मेल्टडाउन चालू असताना वस्तू दिली तरी फरक पडत नाही, कारण मज्जासंस्थेला जेवढं झेपतं त्याहून जास्त आत गेलेलं असतं. काही मुलं ओरडतात, वस्तू फेकतात. काही एकदम गप्प होतात, बोलताच येत नाही. हा दुसरा प्रकार शांत असल्यामुळे दुर्लक्षित राहतो.

आधीची चिन्हं ओळखायला शिका. माझी मुलगी तोच प्रश्न पुन्हा विचारायला लागते, मग तिचा आवाज सपाट होतो, मग बोटं मुठीत जातात. पहिल्या चिन्हालाच तिथून बाहेर पडायचं, कार्यक्रम कितीही महत्त्वाचा असला तरी. सुरू झालंच, तर मी बोलणं थांबवतो. दिवा बंद, दार लोटलेलं, बाकीचे बाहेर. मी जमिनीवर तिच्यापासून हातभर लांब, तिच्याकडे न बघता बसतो. तिला घट्ट दाब आवडतो, म्हणून जड पांघरूण तिच्या हाताला लागेल असं ठेवतो. अंगावर ती स्वतः घेते. काही मुलांना स्पर्शच नको असतो, तेव्हा शांत वेळी विचारून ठेवा. ‘काय झालं’ हा प्रश्न त्या वेळी नाही. संपल्यावर पाणी, झोप, आणि दुसऱ्या दिवशी कागदावर दोघांनी मिळून: आधी काय काय झालं होतं. कारण बहुतेकदा त्या क्षणातलं नसतंच, सकाळपासून साठलेलं असतं.

शाळेतून आल्याबरोबर घरी फुटणारी मुलं पुष्कळ. शाळा म्हणते, ‘आमच्याकडे तर अगदी शहाणी असते.’ ती सहा तास शहाणी राहते म्हणूनच घरी फुटते. शाळा सुटल्यानंतरचा पहिला तास मोकळा सोडा: प्रश्न नाहीत, क्लास नाही, पाहुणे नाहीत.

आई किंवा वडिलांनाही अ‍ॅस्पर्जर असेल तर

हे कुणी फारसं लिहीत नाही. ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, त्यामुळे अशी घरं कमी नसणार. मुलाचं ओरडणं मला नुसतं ऐकू येत नाही, ते दाढेत कळ यावी तसं येतं. त्या क्षणी शांत आवाज कुठून आणायचा? तर तो आणायची वेळच येऊ नये अशी व्यवस्था करायची. इअरप्लग माझ्या खिशात असतात. ते घातले तरी मुलीचं बोलणं ऐकू येतं, फक्त धार जाते. बायकोचा आणि माझा एक ठरलेला शब्द आहे. तो उच्चारला की दुसऱ्याने खोलीत यायचं आणि पहिल्याने बाहेर जायचं, काही न विचारता. एकटे पालक असाल तर मूल सुरक्षित आहे हे बघून, ‘मी दाराबाहेर आहे’ असं सांगून दोन मिनिटं बाहेर उभं राहा.

पालकसभा, लग्नसमारंभ, वाढदिवस यांनंतर मला दुसरा दिवस रिकामा लागतो. तो मी आधीच राखून ठेवतो आणि मुलीलाही कारण सांगतो: ‘काल खूप लोक होते, आज बाबा कमी बोलणार, तुझ्यावर रागावलेला नाही.’ तीही आता स्वतःबद्दल असंच सांगते.

यात फायदाही आहे. तिला लिफ्टचं वेड आहे. किती माणसं, किती किलो, दार कोणत्या बाजूला उघडतं, सगळं पाठ. मी त्या वयात शब्दकोश पहिल्या पानापासून वाचत असे, त्यामुळे हे वेड तोडायचं मला कधी सुचलंच नाही. ते बक्षीस म्हणून देऊ नका आणि शिक्षा म्हणून काढूनही घेऊ नका. थकलेल्या मुलाला त्यानेच विश्रांती मिळते. मैत्रीही त्यातूनच होते. लिफ्टची चित्रं काढणारी आणखी एक मुलगी सापडली. दोघी शेजारी बसून काढतात, फारसं बोलत नाहीत, आणि ठरलेल्या वेळी ती घरी जाते.

शाळा आणि उपचार

शिक्षकांना पुस्तकं देऊ नका, एक पान द्या. बसायची जागा दारापासून आणि पंख्यापासून लांब. सूचना फळ्यावर लिहून. वेळापत्रक बदलणार असेल तर आदल्या दिवशी. बाहेर जाऊन येण्यासाठी एक कार्ड. आणि मधली सुट्टी, कारण वर्गात नियम असतात, मैदानात नसतात, आणि चिडवणं तिथेच होतं. वाचनालयात बसायची मुभा मागा.

अ‍ॅस्पर्जर घालवणारं औषध नाही. चिंता, झोप, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) यांवर मात्र उपचार होतात आणि ते करावेत. ऑक्युपेशनल थेरपीचाही (रोजची कामं, स्पर्श, आवाज यांच्याशी जुळवून घ्यायला शिकवणारी थेरपी) आम्हाला उपयोग झाला. लसींमुळे ऑटिझम होतो असं सुचवणारा १९९८ चा शोधनिबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला आहे. शरीरातले धातू काढण्याच्या नावाखालचं किलेशन जीवघेणं ठरू शकतं. ऑटिझम घालवून देण्याची खात्री देणाऱ्या कुणाच्याही दारात जाऊ नका. वयात येणारं मूल जगण्याचा कंटाळा आल्याचं सपाट आवाजात बोललं, तर चेहऱ्यावर दुःख दिसत नाही म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला.

मुलाला सांगायचं कधी, हा प्रश्न मला सतत विचारला जातो. ‘मी अशी का?’ हा प्रश्न त्याने विचारला असेल तर आजच. आम्ही चित्रं काढत असताना सांगितलं, समोरासमोर बसून नव्हे. तुला काय सोपं जातं, काय अवघड जातं, त्याला हे नाव आहे, मलाही ते आहे. तिने एकच प्रश्न विचारला: आईला का नाही? आईला नाही, पण तिला आपलं माहीत आहे, असं मी म्हणालो. मग कुणाकुणाला सांगायचं याची यादी तिने स्वतः केली. त्या यादीत नसलेल्या कुणालाही मी तिला विचारल्याशिवाय सांगत नाही, नातेवाईक असले तरी.