'अनडिफाइन्ड रेफरन्स' ही त्रुटी कशी सोडवावी

जळगाव-धुळ्याकडे मुक्त सॉफ्टवेअर मूळ कोडपासून बिल्ड करणाऱ्या विद्यार्थ्यांनी शेवटची नव्हे, तर पहिली त्रुटी आधी वाचावी. पुढच्या बहुतेक तिच्यातूनच उद्भवतात. हेडर फाइल, म्हणजे लायब्ररीतील फंक्शनच्या घोषणांची फाइल, सापडत नसेल, तर डेबियन किंवा उबुंटूवर त्या लायब्ररीचे 'डेव्ह' पॅकेज बसवावे.

'अनडिफाइन्ड रेफरन्स' ही मात्र लिंकरची, म्हणजे कंपाइल झालेले भाग एकत्र जोडणाऱ्या प्रोग्रामची, तक्रार आहे: कंपायलरला फंक्शनची घोषणा मिळाली, पण लिंकरला त्याची व्याख्या मिळाली नाही. माझ्या अनुभवात येथे बहुधा लिंक करण्याच्या आज्ञेतील फाइलींचा क्रम चुकलेला असतो. ग्नू लिंकर स्टॅटिक लायब्ररी (जिचा कोड थेट प्रोग्राममध्ये घातला जातो ती) डावीकडून उजवीकडे चाळतो आणि त्या क्षणी ज्या नावांची मागणी प्रलंबित असेल, त्यांच्यापुरतेच भाग उचलतो. म्हणून लायब्ररीचे नाव तिचा वापर करणाऱ्या ऑब्जेक्ट फाइलींनंतर (कंपाइल झालेल्या फाइलींनंतर) लिहावे. एवढ्यानेही न सुटल्यास 'एनएम' ही आज्ञा लायब्ररीवर चालवावी: नावाच्या आधी मोठ्या लिपीतील 'टी' असेल तर व्याख्या तेथे आहे, फक्त 'यू' असेल तर त्या लायब्ररीलाही ती बाहेरून हवी आहे. सी भाषेतील लायब्ररी सी प्लस प्लसमधून वापरताना घोषणेला 'एक्स्टर्न सी' जोडलेले नसेल, तर नावे जुळतच नाहीत.

बिल्ड होऊनही प्रोग्राम सुरू होत नसेल, तर कोणती शेअर्ड लायब्ररी (प्रोग्राम सुरू होताना जोडली जाणारी) हरवली आहे हे 'एलडीडी' ही आज्ञा दाखवते.