व्हीआर ट्रेनिंगच्या फील्डमध्ये यायचंय? मग आधी हे वाचा

व्हीआर म्हणजे डोळ्यांवर हेडसेट घालून दिसणारं आभासी जग. बरेच जण विचारतात, ते बनवायला युनिटी (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) आधी शिकू की ब्लेंडर (थ्रीडी मॉडेल बनवायचं). दोन्ही शिका की, पण त्याच्याआधी माणसाच्या लक्षात काय राहतं आणि का राहतं ते वाचा, कारण युनिटी येणारी पोरं पुण्यात ढिगाने आहेत, हे दुसरं माहिती असणारी शोधावी लागतात. मी सायकॉलॉजी करून इकडे आले, आता आमची टीम चाकणच्या कारखान्यांसाठी सेफ्टीचे मॉड्यूल बनवते.

मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे, नव्या आठवणी तयार करायला तो लागतो आणि आपण कुठे आहोत हेही तोच सांभाळतो. ठराविक जागी गेलं की चालू होणाऱ्या पेशी जॉन ओकीफ यांना १९७१ मध्ये उंदरांत सापडल्या, २०१४ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. म्हणून तर ओळखीच्या जागेत एकेक मुद्दा ठेवून पाठ करायची जुनी ग्रीक पद्धत अजून चालते. करून बघा, कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा, हा मानाच्या पाच गणपतींचा क्रम पुणेकर झोपेतही सांगेल, प्रत्येक गणपतीपाशी एक मुद्दा ठेवायचा आणि मनातल्या मनात चालत जायचं. मेरीलँड विद्यापीठात ४० जणांना आभासी महालात चेहरे दाखवले होते, तेव्हा साध्या स्क्रीनपेक्षा हेडसेटमध्ये आठवण्याची अचूकता ८.८ टक्क्यांनी जास्त आली.

पण म्हणून हेडसेट घातला की शिकणं झालं असं नाही हां. २०१९ मध्ये मकरान्स्की आणि सहकाऱ्यांनी सायन्स लॅबचं सिम्युलेशन साध्या स्क्रीनवर आणि हेडसेटमध्ये असं दोन्ही प्रकारे दिलं, तर हेडसेटवाल्यांना आपण तिथेच आहोत असं जास्त वाटलं आणि शिकले मात्र कमी! डोक्यावर एकदम इतकं आदळलं की मुद्द्याचं राहून जातं.

आमचंच घ्या. मशीन दुरुस्तीआधी मेन स्विच बंद करायचा, स्वतःचं कुलूप आणि टॅग लावायचा, मग स्टार्ट बटण दाबून मशीन खरंच मेलंय ना ते बघायचं. तोंडी विचारलं तर सगळे घडाघडा सांगतात, हेडसेटमध्ये मात्र कुलूप लावलं की हात सरळ मशीनमध्ये जातो, बटण राहतंच. तिथे चमकणारा बाण लावा असं क्लायंट हमखास म्हणतो, आणि बाण लावला की प्रत्येकजण पास होतो, कारण तो बाणामागे जातो, आठवत कोणीच नसतं. त्यामुळे पहिल्या फेरीत बाण, दुसरीत काहीच नाही. स्वतःहून आठवावं लागलं की जास्त टिकतं, हे रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये साध्या उताऱ्यांवर दाखवलंय, त्याला हेडसेटही लागला नव्हता.

बाकी किरकोळ. युजर स्वतः हलला नसताना त्याला दिसणारं दृश्य हलवू नका, लोकांना मळमळतं. सूचना हिंदी-मराठीत बोलून द्या, हवेत तरंगणारे परिच्छेद कोणी वाचत नाही. आणि तेल लावलेल्या केसांवरून उतरलेला हेडसेट पुसायला जवळ कापड ठेवा, हे कुठल्याच कोर्समध्ये सांगत नाहीत :)

इंटरव्ह्यूला दहा चकाचक सीन आणू नका. एकच आणा, गॅस सिलेंडरचा रेग्युलेटर बदलायचा असला तरी चालेल, पण चार ओळखीच्यांना तो करायला लावा आणि आठवड्याने हेडसेटशिवाय, खऱ्या सिलेंडरपाशी त्यांना काय आठवलं आणि काय नाही ते लिहून आणा, मी तरी आधी तोच कागद मागते.